ऊस, रानडुक्कर आणि ठासणीची बंदूक

मृगाच्या पावसावर मका पेरला की कलघटगी, अळनावर भागातल्या काही रानांत दोन-तीन दिवसांनी एक विलक्षण दृश्य दिसतं. कुरीनं धरलेली तासं जशी सरळ, तशीच सरळ उकरलेल्या खड्ड्यांची रांग. एका बांधापासून सुरुवात, दुसऱ्या बांधापर्यंत शेवट. मग पुढचं तास. दाण्याचं टरफलसुद्धा मागं राहत नाही. रानडुकरांचा एक कळप एका रात्रीत हे करून जातो. अंधारात, मातीखाली दोन-तीन इंचांवर पडलेला दाणा त्याला नाकानं सापडतो आणि एक सापडला की ओळ कुठं जाते हेही कळतं. सकाळी बांधावर उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याला यात कौतुक दिसणार नाही, आणि दिसावं अशी अपेक्षा करणंही बरोबर नाही. पण त्या नाकाची करामत समजून घेतल्याशिवाय या जनावराचा बंदोबस्त करता येणार नाही, हेही तितकंच खरं.

हुबळी-धारवाडचा मुलूख मलनाड आणि मैदान यांच्या सांध्यावर वसलेला आहे. पूर्वेला नवलगुंद, कुंदगोळ, अण्णिगेरीची काळी, उघडी जमीन. हरभरा, कापूस, मिरची, ज्वारी. पश्चिमेला धारवाड तालुक्याचा अर्धा भाग, अळनावर आणि कलघटगी. इथून जंगल सुरू होतं ते हल्याळ, दांडेलीमार्गे काळी नदीच्या खोऱ्यातल्या व्याघ्र प्रकल्पाला जाऊन मिळतं. या पश्चिम पट्ट्यात कानडीइतकीच मराठीही ऐकू येते. जंगलाच्या कडेला पूर्वी भात आणि नाचणी असायची. आता तिथं मका आणि ऊस उभा आहे. रानडुकराच्या दृष्टीनं हा बदल फार मोठा आहे. ऊस हे त्याला बारा महिने लपायला मिळणारं जंगलच. वर गोड अन्न, खाली ओलसर माती, शेजारी पाण्याचा पाट. दिवसा जंगलात आणि रात्री शेतात अशी ये-जा करायची त्याला गरज उरत नाही. कित्येक कळप उसातच राहतात, उसातच वितात. त्यामुळं जंगलापासून दहा-पंधरा किलोमीटर दूर असलेल्या गावांनाही आता हा त्रास पोचला आहे.

आधी एक गल्लत दूर करू. हुबळीच्या रस्त्यांवर, नाल्यांच्या काठी हिंडणारी डुकरं ही रानडुकरं नव्हेत. ती पाळीव, बहुतेकांना मालक असलेली. ती शहरातून हटवण्याची मोहीम महापालिका अधूनमधून हाती घेते, पण तो आरोग्याचा प्रश्न आहे, त्याचे कायदेही वेगळे. मात्र दोघांची जात मुळात एकच, सुस स्क्रोफा. माणसानं सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी आशिया मायनर आणि चीन अशा दोन ठिकाणी रानडुक्कर माणसाळवलं आणि त्यातून जगभरची पाळीव डुकरं झाली. आपल्याकडच्या रानडुकराच्या मानेपासून पाठीवर राठ काळ्या केसांची आयाळ असते; त्यामुळं त्याच्या उपजातीला क्रिस्टाटस म्हणजे तुरेवाला असं नाव मिळालं. पूर्ण वाढलेला नर खांद्याशी तीन फूट भरतो आणि वजनात शंभर किलोच्या पलीकडं सहज जातो; दोनशेच्या वरचे नरही नोंदले गेले आहेत.

या देहाची रचना पाहण्यासारखी आहे. नाकाच्या शेंड्याला आतून एका छोट्या हाडाचा आधार असतो, म्हणून ते नाकाड एकाच वेळी नांगरही होतं आणि वासाचं इंद्रियही. खालच्या जबड्यातले सुळे आयुष्यभर वाढतात, पण त्यांचा बराचसा भाग जबड्यातच रुतलेला असतो. बाहेर दिसतो तो थोडाच. वरचे सुळे आखूड आणि वर वळलेले. तोंड मिटलं-उघडलं की वरचा सुळा खालच्यावर घासतो आणि खालच्याला सतत धार लागत राहते. चिडलेला नर दात कराकरा वाजवतो तेव्हा नेमकं हेच चाललेलं असतं. नरांच्या आपसातल्या मारामाऱ्या याच सुळ्यांनी होतात आणि त्यांच्यापासून बचाव म्हणून प्रौढ नराच्या खांद्यापासून बरगड्यांपर्यंत कातडीखाली चिवट पेशीजालाचा जाड थर तयार होतो. शिकारी त्याला ढाल म्हणतात. वय वाढेल तशी ही ढाल जाड होत जाते. या ढालीची गोष्ट पुढं बंदुकीच्या संदर्भात पुन्हा येणार आहे.

डुकराला घाम जवळजवळ येत नाही. चिखलात लोळणं ही त्याची थंड होण्याची रीत. अंगावर वाळलेला चिखल गोचिडांनाही आवर घालतो. नजर बेताची, कान तीक्ष्ण, नाक सर्वांत तीक्ष्ण. कळप माद्यांचा आणि पिलांचा. मोठा नर एकांडा हिंडतो. मादी साधारण चार महिन्यांत, म्हणजे ११५ दिवसांच्या आसपास, विते. एका वेताला चार ते सहा पिलं नेहमीची. विण्याआधी ती गवत आणि फांद्या दातांनी तोडून ढीग रचते आणि त्याच्या पोटात शिरून आत खोली करते. वरून पाहणाऱ्याला नुसती गवताची गंजी दिसावी असं. एवढ्या मोठ्या खुरी जनावरांत असं घर बांधणारं दुसरं कुणी आपल्या रानात नाही. पिलं तपकिरी, अंगावर लांबीच्या दिशेनं फिकट पट्टे असलेली. पहिले काही दिवस ती त्या गंजीतच असतात, आणि या काळातली मादी वाटेत आलेल्या कुणावरही धावून जाते. उसाची तोडणी करणाऱ्या टोळ्यांना याची चांगली ओळख आहे.

या प्रदेशानं रानडुकराला मानही मोठा दिला होता. हुबळीहून साधारण शंभर किलोमीटरवर बदामी आहे. इसवी सन ५४३ च्या सुमारास पहिल्या पुलकेशीनं तिथं किल्ला बांधला आणि त्याच्या चालुक्य घराण्यानं वराह हे राजचिन्ह म्हणून मिरवलं. ५७८ सालच्या तिथल्या तिसऱ्या लेण्यात भूदेवीला वर उचलून धरणारा नरवराह आजही पाहता येतो. त्याहून मला हलवून सोडणारी गोष्ट आहे ती मंड्या जिल्ह्यातल्या आतकूरच्या शिलालेखाची. काळ शके ८७२. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण यानं तक्कोलमच्या रणात चोळांना हरवलं होतं आणि त्याचा मांडलिक गंगराजा बुतुग त्या विजयाचा वाटेकरी होता. मणलेर नावाच्या आपल्या वीरावर खूश होऊन बुतुगानं त्याला काय हवं ते माग म्हटलं. मणलेरानं काळी नावाची शिकारी कुत्री मागितली. पुढं एका मोठ्या रानडुकरावर तिला सोडलं, दोघं एकमेकांना भिडली आणि दोघंही तिथंच मेली. मणलेरानं तिच्यासाठी देवळासमोर दगड उभा केला, त्यावर कुत्री आणि डुक्कर यांची झुंज कोरवली आणि तिच्या पूजेसाठी जमीन लावून दिली. हा दगड आता बंगळूरच्या सरकारी संग्रहालयात आहे. साम्राज्याच्या लढाईची नोंद आणि एका कुत्रीच्या मरणाची नोंद एकाच शिळेवर असण्याचं असं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

इंग्रजांच्या काळात घोड्यावरून भाल्यानं रानडुक्कर मारणं हा लष्करी अधिकाऱ्यांचा लाडका खेळ झाला. बंगालकडं आखूड, जड भाला वरून खाली मारत. मुंबई इलाख्यात, म्हणजे आपल्या दख्खनमध्ये, लांब आणि हलका भाला खालून धरून चालवत. बालवीर चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी १८८९ साली या खेळावर आख्खं पुस्तक लिहिलं. जिथं घोडा दौडू शकतो तिथं डुकरावर गोळी झाडणं त्या मंडळींत कमीपणाचं मानलं जाई. धारवाडचा इथं एक धागा जुळतो. राजर्षी शाहू महाराज १८९० ते १८९४ या काळात स्टुअर्ट फ्रेझर यांच्या देखरेखीखाली धारवाडात शिकत होते. घोड्यावरून भाल्यानं रानडुकराची शिकार करण्याची त्यांची आवड पुढं कोल्हापुरात सर्वांच्या परिचयाची झाली.

आता शेत राखणाऱ्या माणसाकडं येऊ, कारण भाले आणि घोडे त्याच्या वाट्याला कधीच आले नाहीत. त्याच्याकडं होती गोफण, पत्र्याचा डबा, शेकोटी आणि शेताच्या मधोमध उभारलेला माळा. काहींकडं असायची ठासणीची बंदूक. ही बंदूक आपल्या कायद्यातही आहे, हे अनेकांना माहीत नसतं. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या तेराव्या कलमात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे; ती पुरेशी नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं तर किमान वीस इंच नळीची, गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते. पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर यात कुठंच नाही. तोंडानं दारू ठासायची, वर चिंधी, मग छर्रे, पुन्हा चिंधी, गजानं दाबायचं, कानावर टोपी चढवायची; एक बार निघाला की दुसऱ्यासाठी एवढं सगळं पुन्हा. तिचा खरा उपयोग आवाजाचा. कर्नाटकात उत्तर कन्नड, दक्षिण कन्नडपासून कोडगूपर्यंत अशा परवान्यांची जुनी परंपरा आहे, आणि निवडणूक लागली की या बंदुका पोलिस ठाण्यात जमा कराव्या लागतात, ही तिथल्या बागायतदारांची तितकीच जुनी तक्रार. कोडगूची गोष्ट तर निराळीच. तिथल्या कोडव समाजाला आणि जम्मा नावाच्या वंशपरंपरागत जमिनींच्या धारकांना शस्त्र परवान्यातून सूट आहे. ती इंग्रज काळापासून चालत आली आणि २०१९ मध्ये केंद्रानं आणखी दहा वर्षांसाठी वाढवली. सप्टेंबरातल्या कैलपोद सणाला तिथं घराघरांत बंदुका पुजल्या जातात.

अमेरिकेत मात्र पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर घेऊन शेतातली डुकरं मारायला जाणारे पुष्कळ लोक आहेत. तिकडं ही डुकरं मूळची नाहीत. १५३९ मध्ये एर्नांदो दे सोतो हा स्पॅनिश सरदार फ्लोरिडात उतरला तेव्हा त्यानं शिदोरी म्हणून जिवंत डुकरं बरोबर आणली. त्यातली सुटलेली, पुढं शेतकऱ्यांनी मोकळी चरायला सोडलेली आणि शिकारीसाठी युरोपातून आणलेली रानडुकरं यांची मिसळ होऊन आज तिथं साठ लाखांवर मोकाट डुकरं झाली आहेत, पस्तीस राज्यांत पसरलेली. टेक्सासनं तर २०११ मध्ये हेलिकॉप्टरमधून त्यांना मारायची परवानगी दिली. परका प्राणी, संरक्षण नाही, बंदुका घरोघर. तिथं हातबंदूक हा शिकारीचा एक प्रकार होऊन बसला. तरी तिथले जाणते शिकारी त्यासाठी पॉइंट ४४ मॅग्नमसारखं दणकट रिव्हॉल्वर वापरतात, ज्याच्या गोळीत हजार जूलहून अधिक शक्ती असते, आणि तेही तीस-चाळीस पावलांच्या आतून.

आपल्याकडं परवानाधारकाच्या कमरेला असतं ते बहुधा पॉइंट ३२ चं रिव्हॉल्वर. त्याची शक्ती दीडशे-पावणेदोनशे जूल. वर सांगितलेली ढाल इथं आठवावी. डुकराचं काळीज पुढच्या पायांच्या मधोमध, फार खाली असतं; आयाळीमुळं पाठ असते त्याहून उंच भासते, आणि नवखा माणूस हटकून वर मारतो. रात्र, टॉर्चचा हलता उजेड, उभं पीक, आखूड नळी. अशा वेळी गोळी ढालीत अडकते किंवा पोटात जाते. जखमी नर उसात शिरतो, आणि सकाळी त्याच्या मागावर गेलेल्या माणसाची मांडी सुळ्यानं उभी फाटते. स्वसंरक्षणासाठी मिळालेलं शस्त्र शेतात शिकारीला वापरणं हा परवान्याच्या अटींचा भंग तर आहेच, पण तो कायदा बाजूला ठेवला तरी ते हत्यार या कामाचं नाही.

आणि वन्यजीवांचा कायदा वेगळाच. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात रानडुक्कर पूर्वी तिसऱ्या अनुसूचीत होतं. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली तेव्हापासून ते दुसऱ्या अनुसूचीत आहे. विनापरवाना मारलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मात्र अकराव्या कलमात वाट ठेवलेली आहे: उभ्या पिकाला धोकादायक ठरलेल्या प्राण्याला मारण्याची लेखी परवानगी मुख्य वन्यजीव संरक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी देऊ शकतो. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठी ही परवानगी सोपी केली. केरळनं २०२२ मध्ये हा अधिकार थेट ग्रामपंचायतीच्या अध्यक्षांपर्यंत नेला. तिथं मारलेल्या डुकराचं मांस कुणाला नेता येत नाही. खड्ड्यात टाकून वर रॉकेल ओततात आणि पुरतात. कायद्यानं मारलेला वन्यप्राणी सरकारची मालमत्ता, हे त्यामागचं कारण. बिहार आणि उत्तराखंडात काही जिल्ह्यांपुरतं केंद्रानं रानडुक्कर ठरावीक मुदतीसाठी उपद्रवी म्हणून जाहीरही केलं होतं.

मग परवानगी मोकळी केली, बंदुका वाटल्या, की प्रश्न सुटेल का? मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण अमेरिकेनंच दाखवून दिलं आहे. मिसूरी राज्याच्या संवर्धन खात्यानं २०१६ मध्ये आपल्या जमिनींवर डुकरांच्या शिकारीला चक्क बंदी घातली. अनुभव असा होता, की शिकारी कळपातली एक-दोन मारतो आणि उरलेली दहा-बारा फुटून नव्या शिवारात जातात. शहाणी होतात, रात्रीचीच बाहेर पडतात. ज्या प्राण्याची मादी एका वेताला पाच-सहा पिलं देते, त्याची संख्या नुसती रोखायची तरी दरवर्षी निम्म्याहून बरीच जास्त जनावरं काढावी लागतात. त्यामुळं तिथं आता मोठ्या कुंपणाचे सापळे लावतात, कित्येक दिवस मका टाकून सगळा कळप आत यायची सवय होऊ देतात, मोबाइलवर कॅमेऱ्यातून पाहतात आणि शेवटचं डुक्कर आत आल्यावरच फाटक पाडतात. आपल्याकडं तर वाघ, बिबट्या आणि कोळसुंदे यांचं हे मुख्य अन्नांपैकी एक. दांडेलीच्या जंगलातून रानडुक्कर नाहीसं झालं तर बिबट्याची नजर कुणाच्या गोठ्यावर पडेल, हे सांगायला नको.

बंदूक नाही, नुकसान तर डोळ्यांसमोर, अशा कोंडीत माणसं फार भयंकर मार्ग धरतात. घरच्या वीजवाहिनीवरून आकडा टाकून तारेत थेट प्रवाह सोडणं हा त्यातला सर्वांत घातक. २३० व्होल्टचा प्रवाह अखंड वाहत असतो. स्पर्श झाला की स्नायू आखडतात आणि हात तारेवरून सुटतच नाही. यात डुकरापेक्षा पहाटे पाणी पाजायला गेलेला शेजारी किंवा खुद्द मालकच मरतो. झटका मशीनची तार याच्या अगदी उलट तत्त्वावर चालते: दाब हजारो व्होल्टचा, पण सेकंदाला एकदा आणि तोही सेकंदाच्या अगदी किरकोळ अंशापुरता, त्यामुळं धक्का बसतो आणि जीव बचावतो. दुसरा मार्ग गावठी बॉम्बचा, कणकेत किंवा फळात स्फोटक भरून ठेवण्याचा. मे २०२० मध्ये केरळात एक गाभण हत्तीण अशाच स्फोटकानं तोंड फाटून, पाण्यात उभी राहून मेली. आपल्याकडं गुरांचे आणि कुत्र्यांचे जबडे यानं फाटतात, त्याची बातमी होत नाही इतकंच.

उपाय जे आहेत ते कष्टाचे आहेत. झटका तारेची सर्वांत खालची ओळ जमिनीपासून वीतभरापेक्षा वर गेली की डुक्कर खालून घुसतं; तारेखालचं गवत दर आठवड्याला काढलं नाही तर प्रवाह मातीत उतरून जातो. भुईमुगाभोवती काटेरी करडईच्या दाट ओळी लावल्या तर डुक्कर बिचकतं, कारण काटे नाकाला टोचतात आणि वासही झाकला जातो. न्हाव्याकडचे केस बांधावर पसरणं हास्यास्पद वाटतं, पण हुंगत चालणाऱ्या नाकात केस गेले की जनावर अस्वस्थ होऊन परततं. पाऊस पडला की पुन्हा टाकावे लागतात. जुन्या रंगीत साड्या पहिले आठ-दहा दिवस काम देतात, मग डुकरांना त्यांची सवय होते. म्हणून एकच उपाय हंगामभर चालत नाही, आणि एकट्या शेतकऱ्याचं कुंपण म्हणजे शेजाऱ्याकडं डुक्कर हाकलणं. खानापूर भागातली माणसं पूर्वी आळीपाळीनं अख्ख्या शिवाराची राखण करत, एका माळ्यावरून दुसऱ्या माळ्याला हाळी देत. माणसं कामाला हुबळी, बेळगाव, गोव्याकडं गेली आणि राखणीला म्हातारे उरले. गावाचं सामाईक कुंपण, त्याला सरकारी अनुदान आणि देखभालीला पगारी माणूस, याहून स्वस्त मार्ग मला दिसत नाही. जिथं एखादा नर खरोखरच माणसांवर उलटला असेल तिथं वनखात्यानं रीतसर परवानगी देऊन, मोठ्या रायफलीसह, शिकलेला माणूस पाठवावा. ते काम शेतकऱ्यावर किंवा त्याच्या हौशी पाहुण्यावर टाकू नये.

शेतकऱ्यांना माझी विनंती अशी. पीक उकरलेलं दिसलं की त्याच दिवशी, पाऊस पडून खुणा पुसायच्या आत, खुरांचे ठसे आणि नुकसान यांचे फोटो काढा आणि उताऱ्याच्या प्रतीसह वनखात्याकडं अर्ज द्या. कर्नाटकात तो ई-परिहार या यंत्रणेतून ऑनलाइन नोंदवला जातो. नोंद झाली तरच तुमचं नुकसान सरकारदरबारी दिसेल. वनखात्याचा मदत क्रमांक १९२६ आहे. आणि शिवारात कुठं खांबावरून आकडा टाकलेली तार दिसली, मग ती सख्ख्या भावाच्या शेतात का असेना, तर १९१२ वर वीज कंपनीला लगेच कळवा. रात्र व्हायच्या आत कळवा.